घुमट नंतर बांधा, आधी लेथ मागवा

परवा आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकानं टाकलं, "सर, पुण्याला आयुका, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी, हिंगोलीला लायगो येतंय. सातारा जिल्ह्यानंच काय घोडं मारलंय?" (पहिली खगोलशास्त्राची संस्था, दुसरी रेडिओ दुर्बीण, तिसरी गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा.) मग नेहमीप्रमाणे तीस अंगठे, दोन झेंडे, आणि एका बहाद्दराची 'आमदारसाहेबांना निवेदन देऊया' अशी सूचना. संध्याकाळपर्यंत जागासुद्धा ठरली. साताऱ्याजवळच्या कासला, म्हणे. पठारावर दुर्बिणीचा मोठा पांढरा घुमट.

मी तिथं गप्प बसलो. ग्रुपवर लिहायला लागलो की पोरांना परत तास सुरू झाल्यासारखं वाटतं. म्हणून इथं लिहितो.

कण-खगोलभौतिकी आणि विश्वरचनाशास्त्राची (म्हणजे सूक्ष्म कण आणि सगळं विश्व यांचा एकत्र अभ्यास करणारी) संस्था इकडं यावी असं मलाही वाटतं, अगदी मनापासून. पण घुमट कशाला? या विषयातलं बरंचसं काम दुर्बिणीला डोळा लावून होतच नाही. दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) ज्या वेगानं फिरतात तो त्यांच्यातल्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानात बसत नाही. विश्वाच्या एकूण ऐवजात आपल्या ओळखीचा पदार्थ जेमतेम 5 टक्के. 27 टक्के कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं पण ओढ लावणारं काहीतरी; 68 टक्के कृष्णऊर्जा, म्हणजे विश्वाला वाढत्या वेगानं फुगवणारं काहीतरी. बेरीज जुळते, पण खातं कुणाच्या नावावर आहे ते कळत नाही, अशी गत. ते कृष्णद्रव्य कुठं साचलंय हे आकाशवाल्यांनी शोधायचं, कशाचं बनलंय हे कणवाल्यांनी. दोघांना एका छपराखाली बसवलं तरच गाडी पुढं सरकते.

आणि छप्पर कसलंही चालतं. अमेरिकेत स्टॅनफर्डला स्लॅक या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेबरोबर अशीच कावली संस्था 2003 साली निघाली, तिची इमारत झाली 2006 साली. तोवर माणसं कामाला लागलेली होती. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा 3200 मेगापिक्सेलचा कॅमेरा त्याच स्लॅकमध्ये जुळवला गेला, त्याची पहिली चित्रं 2025 च्या जूनमध्ये सगळ्यांनी पाहिली. लांब कशाला, आपली टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मुंबईत सुरू झाली ती 1945 साली पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात. कुलाब्याच्या इमारतीचं उद्घाटन 1962 चं!

आपल्याकडं उलटं. एका ठिकाणी (नाव घेत नाही, उगाच फोन येतील) विज्ञान केंद्र म्हणून हॉल झाला, कोनशिला बसली, दुर्बीणही आली. कपाटाची किल्ली ज्या शिपायाकडं होती तो निवृत्त झाला. चार वर्षांनी कुलूप तोडलं तेव्हा आरशावर बुरशी होती आणि खोक्यात उंदराची पिल्लं.

आता दुसरी गोष्ट. गेल्या हिवाळ्यात पोरांबरोबर मेघकक्ष केला, म्हणजे कणांची वाट धुक्याच्या रेघेत दाखवणारी पेटी. माशांची जुनी काचेची टाकी पालथी, वरच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला नमदा, खाली काळा रंग दिलेला पत्रा आणि त्याखाली कोरडा बर्फ. बर्फ एका आइस्क्रीमवाल्यानं मिळवून दिला, "सर, लग्नात धूर करायचाय काय?" असं विचारून. दिवे घालवले, आडवा मोबाइलचा टॉर्च धरला. पंधरा मिनिटं काहीच नाही. पहिल्यांदा झाकण नीट बसलं नव्हतं, चिकटपट्टी मारली. मग पत्र्याच्या जरा वर पांढरा धागा उमटला आणि विरला. मागून एकजण ओरडला, "सर, दोरा पळाला!" म्युऑन असणार, इलेक्ट्रॉनचा जड भाऊ. अवकाशातून आलेले कण वरच्या हवेवर आदळले की हे जन्मतात, आणि तळहाताएवढ्या जागेतून साधारण सेकंदाला एक या हिशेबानं आपल्यातून आरपार जात असतात. पोरगं स्वतःच्या हाताकडं बघत बसलं होतं.

ज्या भागात अशी पोरं आहेत तिथं यंत्रं बनवणारी माणसंही आहेत. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच आमच्या आजीनं राख लावून पुसलीय. 1910 साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कराडात केंद्राची भूभौतिकी प्रयोगशाळा आहे, तिनं कोयनेच्या भूकंपांचा माग काढायला 3 किलोमीटर खोल बोअर मारलीय. पलूसच्या नाहीतर कराडच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग टाका, शोधकाचे (कण टिपणाऱ्या यंत्राचे) भाग बनवून मिळतील. पोरांना पगार द्या, लेथ द्या, चांगला संगणक द्या. भाड्याचा मंगल कार्यालयाएवढा हॉल पुरे.

डोंगराला मात्र हात लावू नका. कास आणि कोयनेचं रान 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे. शिवाय न्यूट्रिनो (जवळजवळ कशातूनही आरपार जाणारा सूक्ष्म कण) वेधशाळेचं काय झालं ते बघा. 2015 साली केंद्राची मंजुरी मिळाली, तमिळनाडूतल्या थेनीच्या डोंगरात बोगदा म्हटल्यावर लोक विरोधात गेले आणि काम अडलं. 1965 साली कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो सापडले होते, तो देश आपलाच. पण कोलारला भोक आधीच होतं! आणि कोयनेच्या धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून जमिनीसाठी मोर्चे काढते, त्यांना 'राष्ट्रहितासाठी जागा द्या' असं पुन्हा सांगायला माझी तरी जीभ रेटणार नाही.

निवेदन द्यायचंच असेल तर त्यात पहिली मागणी दहा पगारी जागांची लिहा, जमिनीच्या जागेची नको. सही करतो.

आणि हो, या डिसेंबरात दोन मेघकक्ष करायचे आहेत. कुणाकडं मासे मेलेली रिकामी टाकी पडली असेल तर कळवा. गळकी असली तरी चालेल, पालथीच घालायची आहे.