ड्रिलिंगबंदी पुरेशी का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं, की सुरक्षा-नियम ही कंपन्यांसाठी ठेवलेली पळवाट आहे आणि मेक्सिकोच्या आखातातल्या 2010च्या स्फोटानंतर खोल समुद्रातलं ड्रिलिंग कायमचं बंद व्हायला हवं होतं. राग रास्त आहे. 11 माणसं गेली, 87 दिवस तेल वाहत होतं. पण 20 एप्रिलला, स्फोटाच्या दिवशी, तिथल्या मकोंडो विहिरीवर ड्रिलिंग चालू नव्हतं. विहीर खोदून झाली होती, ती तात्पुरती बंद करून रिग (खोदकामाचा तरंगता तळ) हलवायची तयारी चालली होती.

चूक झाली निगेटिव्ह प्रेशर टेस्टमध्ये. विहिरीच्या वरच्या भागातलं जड मड (तेल-वायूला दाबून धरणारा चिखलासारखा द्रव) काढून हलकं समुद्राचं पाणी भरायचं, दाब उतरवायचा आणि थांबून बघायचं. तळाचं सिमेंट धरलं असेल तर दाब शून्यावरच राहतो. त्या संध्याकाळी ड्रिल पाईपवर, म्हणजे खोदकामाच्या नळीवर, 1,400 पीएसआय (दाबाचं एकक) आणि किल लाईनवर, म्हणजे विहिरीत उतरणाऱ्या दुसऱ्या बारीक नळीवर, शून्य दिसत होतं. दोन्ही वाटा एकाच विहिरीत उतरतात, म्हणजे एक तर लाईन तुंबलेली किंवा व्हॉल्व्ह चुकीचा. अशा वेळी व्हॉल्व्ह तपासायचे, लाईन धुऊन घ्यायची, चाचणी पुन्हा करायची आणि आकडे जुळेपर्यंत आणखी मड उपसायचं नाही. तिथे शून्य खरं मानलं गेलं. आणि ही चाचणी कराच, अशी करा, असं तेव्हाच्या अमेरिकी नियमांत कुठेही लिहिलेलं नव्हतं! ती सक्तीची झाली स्फोटानंतर. शेवटचा आधार असलेला बीओपीही (विहिरीच्या तोंडावरची, पाईप कापून विहीर बंद करणारी यंत्रणा) कामी आला नाही. पाईप वाकून पात्यांच्या बाजूला सरकला होता, पूर्ण कापला गेला नाही.

बंदी फुकट गेली असं मी म्हणणार नाही. स्फोटानंतर अमेरिकेने खोल पाण्यातल्या ड्रिलिंगवर सहा महिन्यांसाठी लावलेली ती ऑक्टोबर 2010 मध्ये उठली, पण त्यानंतर खोल पाण्यातला परवाना मागणाऱ्याला फुटलेली विहीर समुद्रतळाशी कशी आवरणार, हे आधी दाखवावं लागलं. अटीला बांधलेली अशी बंदी मला मान्य आहे.

आता आपलं मुंबई हाय घ्या. 27 जुलै 2005 रोजी जखमी कर्मचाऱ्याला उतरवायला आलेलं जहाज प्लॅटफॉर्मच्या गॅस रायझरवर, म्हणजे समुद्रतळापासून वर येणाऱ्या गॅसच्या उभ्या पाईपवर, आदळलं. 22 जणांचा जीव गेला, सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म जळून गेला. रायझर जॅकेटच्या (प्लॅटफॉर्मच्या पाण्यातल्या पोलादी सांगाड्याच्या) बाहेरच्या बाजूला होते आणि त्यांचे गार्ड छोट्या जहाजांपुरतेच. तिथे नवी एकही विहीर खोदायची नाही असं ठरलं असतं, तरी त्या रायझरमधून गॅस वाहतच राहिला असता.