रोजचे साडेअठ्ठेचाळीस

गेल्या आठवड्यापासून आमच्या गल्लीत मला एकच प्रश्न विचारला जातोय. "काय सावकार, पुण्याची पिग्मी भरली काय?" (पिग्मी म्हणजे बँकेचा माणूस रोज दारात येऊन थोडे थोडे गोळा करतो ती ठेव.) आधी चहावाल्यानं विचारलं, मग शेजारच्या साडीवाल्यानं. परवा खोडरबर घ्यायला आलेल्या पाचवीतल्या पोरानंही विचारलं. त्याला मी खोडरबर दिलं नाही. संपलंय म्हणून सांगितलं.

झालं ते असं. बेळगावच्या शहापुरात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. आमच्याकडे दुकानदाराला सावकारच म्हणतात. पुण्यातला भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही जो भेटेल त्याच्याकडून पॉलिसी घेता. एखादा फी-ओन्ली प्लॅनर गाठा." म्हणजे कसला, तर जो आपल्याला काहीच विकत नाही. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे नोंदलेला, २०१३ च्या नियमांत बांधलेला. कुठल्या कंपनीकडून कमिशनचा एक रुपया घ्यायचा नाही, जी काय फी ती आपल्याकडूनच. त्यानंच एक मॅडम शोधून दिल्या. फी १५,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १७,७००. मी भरले. भरताना बोट जरा थरथरलं, पण भरले.

मग मॅडमनी खर्चाचा एक तक्ता पाठवला. त्यात दूध, भाजी, पेट्रोल सगळं होतं, पण कुंद्याला, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईला, रकाना नव्हता. आता बेळगावचा माणूस पुण्याला जायचा तर रिकाम्या हातानं जाऊ शकतो का? भाचा, बहीण, बहिणीचे शेजारी, त्या शेजाऱ्यांची 'मागच्या वेळी आणला होता तसलाच' म्हणणारी सासू. हा खर्च भेटवस्तू धरायचा, प्रवास धरायचा की सक्तीची वसुली? मॅडमनी तो 'मनोरंजन' खाली टाकला. मला ते अजून पटलेलं नाही.

त्यानंतर जोखमीची प्रश्नावली. 'दीर्घ मुदत म्हणजे तुमच्या मते किती वर्षे?' खाली पर्याय: ३, ७, १५ किंवा अधिक. आम्ही सीमाभागातली माणसं १९५६ पासून कशाची वाट बघतोय हे पुण्यातल्या मुलीला काय सांगणार? पंधरावर खूण केली.

शेवटी व्हिडिओ कॉलचा दिवस आला. नवरा-बायको दोघांनी बसलंच पाहिजे, अशी मॅडमची अट. घरी आई असते, आणि पैशाचा विषय निघाला की ती पाटल्या मोजायला घेते. म्हणून कॉल दुकानात ठेवला, संध्याकाळी साडेसातला. काउंटरवर लॅपटॉप, बाजूला पंचिंग मशीन, स्टुलावर बायको. आणि साडेसात ही पिग्मीमामांची वेळ, हे मी साफ विसरलो.

पिग्मीमामा एकोणीस वर्षं येतायत. खांद्याला रेक्झिनची पिशवी, हातात पावती काढायचं मशीन, कपाळाला भंडारा. बाहेरगावच्यांना सांगायला हवं, पिग्मी ही या मुलखाचीच देणगी. सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये उडुपीकडे रोज दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. आता ती बँकही कॅनरात विरघळली, पण पिग्मीवाला काही कुणात विरघळला नाही.

मामा आले, लॅपटॉपकडे बघितलं आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून कॅमेऱ्यात बसले.

"नमस्कार मॅडम," म्हणाले. "चालू दे, चालू दे. मी घरचाच हाय."

मॅडमना वाटलं थोरले भाऊ. त्यांनी विचारलं, "सर, तुमच्या सगळ्या ठेवी या यादीत आल्या ना?"

मी हो म्हणायच्या आत मामा म्हणाले, "न्हाई की ओ! ती शंभराची कुठाय?"

"कुठली शंभराची?" बायकोनं विचारलं.

"ह्यांची ती दुसरी पिग्मी. घरात कळवायची न्हाई म्हणाले होते ती."

स्टूल करकरलं. मी मॅडमकडे बघितलं, मॅडम टाइप करत होत्या. मला वाटलं, एवढ्यावर भागलं. पण मामांना न्यायबुद्धी फार. ते बायकोकडे वळले. "आणि वहिनी, तुमची पन्नासाची सांगितली काय? ती तुम्ही ह्यांना कळवायची न्हाई म्हणाला होता ती?"

दोन मिनिटं दुकानात फक्त पंखा बोलत होता. मग मॅडमचा आवाज आला, अगदी आनंदी: "छान! म्हणजे नेटवर्थ वाढलं."

बायकोची पन्नासाची कशासाठी, हे मी अजून विचारलेलं नाही. माझी कशासाठी, हे तिनंही नाही. घरात सध्या फार शांतता आहे.

मॅडमनी मग शंभराच्या पिग्मीचा हिशेब मांडला. वर्षाला ३६,५०० भरायचे, व्याज चार टक्के. पण रोज थोडे थोडे भरल्यामुळे पैसे सरासरी निम्मंच वर्ष आत असतात, म्हणून हातात येतात ३७,२३०. वर्षभराच्या पावत्यांचे ७३० रुपये. मामा मन लावून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही विकता काय?"

"काहीच नाही."

"विमा?"

"नाही."

"म्युच्युअल फंड?"

"सांगते कुठला घ्यायचा ते. पण डायरेक्ट प्लॅन, मला त्यात काही मिळत नाही."

"मग पैसे कशाचे घेतले?"

"काही विकत नाही, त्याचेच."

मामांनी माझ्याकडे बघितलं. अपघातात सापडलेल्या माणसाकडे बघतात तसं. "कॅलेंडर तरी दिलं काय ओ?"

"नाही."

"डायरी?"

"नाही."

"किती घेतले?"

मी आकडा सांगितला. मामा कळवळून मॅडमना म्हणाले, "रोख घ्या की मॅडम, जीएसटी तरी वाचेल सावकारांचा." रोख घ्यायला आम्हाला परवानगीच नाही, असं मॅडमनी सांगितलं. पैसे नको म्हणणारा माणूस मामांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला असावा. त्यांनी पावतीच्या मशीनवर काहीतरी बडवलं आणि तोंड उजळलं. "१७,७०० भागिले ३६५. साडेअठ्ठेचाळीस! अहो, म्हणजे ही माझी पन्नासाचीच पिग्मी झाली की ओ! फरक एवढाच, माझी वर्षाअखेर परत मिळती!"

नेमक्या त्याच वेळी साडीवाला सुट्टे मागायला आला होता. पुढचं गल्लीला ठाऊक आहे.

सेबीनं वार्षिक ठराविक फीची कमाल मर्यादा १,५१,००० ठेवली आहे, मी त्या मानानं किरकोळीतच सुटलो, असं मी साडीवाल्याला समजावायला गेलो. तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला डिस्काउंट मिळाला."

मग पॉलिसी निघाल्या, आणि तिथं मला घाम फुटला. कारण मोठी पॉलिसी मामांच्याच घरून आलेली. एजन्सी मामींच्या नावावर. वर्षाला २४,००० हप्ता, वीस वर्षं, म्हणजे ४,८०,००० भरायचे आणि शेवटी बोनससकट साधारण ८,३०,००० मिळायचे.

"दामदुप्पटच की ओ जवळजवळ," मामा म्हणाले.

"वीस वर्षांत, सर. परतावा पाच टक्के पडतो. आणि कव्हर फक्त साडेचार लाखांचं. पेडअप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवा, आणि एक कोटीची टर्म पॉलिसी घ्या."

"टर्ममध्ये माणूस जगला तर काय मिळतं?"

"काही नाही."

"म्हणजे तीपण काही विकत न्हाई," मामा हळूच म्हणाले. पण आता आवाजात ती मजा नव्हती.

मॅडमनी पुढं विचारलं, ठेवी बँकेत की पतसोसायटीत? बँक बुडाली तर फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेलासुद्धा. पतसोसायटीला तो नाही. हे वाक्य त्यांनी हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. माझ्या वडिलांनी निवृत्तीचे ३,२०,००० अशाच एका सोसायटीत ठेवले होते. अर्धा टक्का जास्त देते म्हणून. पाटीवर देवाचं नाव, आत ओळखीचे संचालक, गणपतीला मोठी वर्गणी. आजवर ४०,००० परत आलेत, तेही तीन अर्ज, दोन मोर्चे आणि कानडीत आलेल्या चार नोटिसांनंतर. वडील त्या नोटिसा घडी घालून पंचांगात ठेवायचे. विमा नाही हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्याला त्यात सुटणार तरी काय होतं? आणि विचारायला जावं तर 'आपलीच माणसं आहेत' म्हणून उलट ऐकून घ्यावं लागायचं. आपलीच होती, म्हणून तर आत शिरता आलं. वडील गेले तेव्हा त्या संचालकांपैकी दोघं खांदा द्यायला आले होते. मी त्यांना नको म्हणालो नाही, याचा मला अजून राग येतो.

त्या सोसायटीची पिशवीही तेव्हा पिग्मीमामांच्याच खांद्याला होती. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे पैसेही तिथंच अडकलेत. म्हणून त्यांना काही बोलता येत नाही. दोघंही स्क्रीनकडे बघत राहिलो. मॅडमनी विचारलं, "आवाज येतोय ना?"

प्लॅन चार दिवसांनी आला, बावीस पानी. सातव्या पानावर स्पष्ट लिहिलंय: पुढच्या महिन्यापासून सगळ्या पिग्मी बंद.

त्या संध्याकाळी साडेसातला मामा आले. खुर्चीवर बसले नाहीत. "मॅडमनी बंद करा सांगितलं असणार."

"पुढच्या महिन्यापासून," मी म्हणालो.

"आज किती तारीख?"

"बावीस."

"मग आठ दिवस हायत की." त्यांनी मशीन पुढं केलं. मी शंभर दिले. पावती फाडली, पिशवीची चेन लावली, आणि जाता जाता दारात थबकून, साडीवाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "सावकार, मॅडमचा नंबर द्या की. ते पाच टक्के कसं काढलं तेवढंच विचारायचं हाय. मामीची पण तसलीच पॉलिसी हाय. फुकट सांगतील काय?"

"न्हाई की ओ मामा," मी म्हणालो. "रोजचे साडेअठ्ठेचाळीस पडतील."