टिटवीची अंडी आणि माझी तीन मिनिटं

गोल्फच्या स्पर्धेत माझे एकशे एकतीस फटके. आधीच सांगून टाकतो, नाहीतर साडू सांगतील.

त्यांच्या ग्रुपात चौथा गडी कमी पडला, बायको म्हणाली, "जा की, नाहीतरी सोफ्यावरच पडून असता", आणि मी संभाजीनगरबाहेरच्या एका मैदानावर सकाळी सहाला टोपी घालून गोल्फ स्पर्धेत उभा. सहा महिन्यांच्या रविवारांत जेवढं येतं तेवढं मला येतं. गोल्फच्या भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. जपमाळेचे मणीही तेवढेच. माझा अनुभव असा की, बॉल तिथवर न्यायला मनगटापेक्षा जपाचाच आधार जास्त.

चौथ्या भोकाला माझा बॉल डावीकडे बाभळीत गेला. कुंपणाच्या तीन तारांपैकी दोन शेळ्यांनी केव्हाच पाडलेल्या. मी वाकून शोधतोय, तोच ओरडा आला.

"पाय टाकू नका तिथं!"

दहा-बारा शेळ्या आणि खांद्यावर काठी आडवी घेतलेले एक मामा.

"काय झालं मामा?"

"टिटवीनं अंडी घातलीत. चार हायेत."

"बरं. पांढरा बॉल आला का इकडं?"

"औंदा उंचावर घातलीत बघा. म्हंजी पाऊस लई."

"मामा, बॉल..."

"लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं ना, त्याच्या आदल्या साली हिनं नाल्यात घातली व्हती. मी तवाच म्हणलं, औंदा काही खरं नाही."

इकडे साडू घड्याळ बघत उभे. बॉल शोधायला ३ मिनिटं मिळतात. २०१९च्या आधी ५ मिळायची. मामांना तीही पुरली नसती.

"ती काळी वाळू कशाची हो?" मामांनी काठीनं भोकाकडे दाखवलं.

वास्तविक मी गप्प बसायला हवं होतं. पण शिकवायची खोड. सांगितलं की, हिरवळीला पाणी पुरत नाही तिथं भोकाभोवती तेल मिसळलेली वाळू अंथरतात, तिला ब्राउन म्हणतात.

"तेल? वाळूला?" मामा शेळ्या विसरले. "माझं घरकुल मंजूर होऊन दोन वर्षं झाली. वाळूपायी जोत्यावर अडकलंय. अन तुम्ही तिच्यात चेंडू घोळायलाव!"

यावर गोल्फच्या नियमावलीत काही नाही. मलाही काही सुचलं नाही. खरं तर कंपाउंडच्या भिंतीसाठी वाळू मीही घेतली होती, रात्री दोन वाजता, दिवे बंद केलेल्या हायवातून. पैसे मोजून आपल्याच दारात चोरासारखं उभं राहायचं. सकाळी बघतो तर अर्धी मातीच. तक्रार कुणाकडे करता? पावती तर नव्हतीच, आणि ती भिंत आता पोपडे टाकतेय. हे सगळं मी बाभळीत उभं राहून आठवत होतो, म्हणजे उरलेलं मिनिटही तिथंच गेलं.

"वेळ संपली," साडू म्हणाले. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर मेव्हणीच्या लग्नातही पाहिला नव्हता. बॉल हरवला, एक फटका दंड, आणि पुन्हा मागे जिथून मारला तिथं. तीन जण उन्हात माझ्यासाठी खोळंबलेले. कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

दुपारी गेटवर मामा हजर. बंडीच्या खिशातून चार बॉल काढले.

"पन्नासला एक."

एकावर हिरव्या स्केचपेनचा ठिपका. मुलीच्या दप्तरातून पेन घेऊन मीच काढलेला.

"मामा, हा माझाच आहे!"

"तुमचाच हाये. म्हणून तर तुम्हाला इकायलो. दुसरा कशाला घेईल?"

चाळीसवर तुटलं.

गाडीत साडूंनी वर ज्ञान दिलं. बॉल कुणी उचलून नेलाय हे त्या ३ मिनिटांत कळलं, तर दंड पडत नाही. त्याच जागी दुसरा ठेवायचा.

"मग तेव्हाच विचारायचं ना त्याला!"

विचारलं होतं. मामा तेव्हा अंड्यांवर होते.