तुम्हाला म्हणून सांगतो

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना मी मनातल्या मनात सोशिकराव म्हणतो. जगात त्यांच्याइतकं कुणीच सोसलेलं नाही, हे मी त्यांच्याच तोंडून वेळोवेळी ऐकलं आहे. सख्खे भाऊ त्यांच्यावर उलटले, शेजारी उलटले, कचेरीतले उलटले, जुन्या मित्रांचा कंपू उलटला, सकाळी फिरायला येणारी मंडळीही उलटली. ही माणसं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. तरी एवढ्या एकमताने एका सज्जनावर उलटायचं म्हणजे कुणीतरी गुपचूप बैठका घेत असणार. सूचक, अनुमोदक, ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर.

फोन ‘तुम्हाला म्हणून सांगतो’ने सुरू होतो. (हेच वाक्य त्यांनी आणखी चौघांना ऐकवलेलं असतं. त्या चौघांशी माझी त्यामुळे छान मैत्री जमली आहे.) मग पेटंट वाक्य येतं : “मी आपलं साधं विचारलं हो, तर तो माणूस अंगावरच आला!” पुढे त्या माणसाचा आवाज, हातवारे, लाल झालेले डोळे यांचं असं वर्णन की आपलाही श्वास अडकावा. त्या ‘साध्या विचारण्या’बद्दल मात्र एक अक्षर नाही. गेल्या वेळी ते मला दुसरीकडून कळलं. भर सभेत सोशिकरावांनी खजिनदाराला साधंच विचारलं होतं, “एवढे पैसे खाऊन तुमचं पोट बिघडत कसं नाही?”

या माणसांची खूण मला इथे सापडते. त्यांच्या गोष्टीला पहिलं पान नसतं. गोष्ट नेहमी समोरच्याच्या उत्तरापासून सुरू होते.

आता पहिलं पान थोडंफार सगळेच फाडतात. १९९० साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना दोन हकिकती लिहायला सांगितल्या. एक, तुम्हाला कुणी संताप आणला त्याची. दुसरी, तुम्ही कुणाला संताप आणलात त्याची. माणसं तीच, पण पहिल्या हकिकतीत मागचा इतिहास लांबलचक, जखम अजून ओली आणि समोरच्याच्या वागण्याला काही कारणच नाही. दुसरीत मात्र प्रकार किरकोळ, कारणं समजण्यासारखी आणि विषय केव्हाच मिटलेला. म्हणजे आपण सगळे इथूनतिथून सारखेच. सोशिकरावांनी दुसऱ्या हकिकतीसाठी कोरा कागद परत दिला असता, एवढाच फरक.

नेहमी आपणच सोसणारे, या स्वभावावर २०२० साली रहाव गबाय या इस्रायली संशोधिकेने सहकाऱ्यांसह निबंध प्रसिद्ध केला. त्यात चार धागे सांगितलेत. आपल्या दुःखाची दखल घेतलीच पाहिजे हा हट्ट, आपण इतरांपेक्षा नीतीने वरचे ही खात्री, दुसऱ्याच्या दुःखाची फारशी पर्वा नसणं आणि झालेल्या अपमानाचं रवंथ. रवंथाबद्दल काय सांगू! माझा ताप उतरत नव्हता तेव्हा सोशिकराव भेटायला आले, आणि जुन्या साहेबांनी त्यांना बढती कशी नाकारली ते थर्मामीटर माझ्या तोंडात असताना सांगून गेले. मध्ये बोलायची मला सोय नव्हती. त्यांना ती भेट फार आवडली असावी.

स्टीफन कार्पमन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६८ साली भांडणाचा एक त्रिकोण मांडला. एका कोपऱ्यात छळणारा, दुसऱ्यात छळला गेलेला, तिसऱ्यात सोडवणारा. या तिसऱ्या खुर्चीवर मला फोन करून बसवलं जातं. मी सुचवतो, “त्यांच्याशी एकदा समोरासमोर बोला.” “बोललो असतो, पण...” “मग सोडून द्या.” “दिलं असतं, पण...” कार्पमन यांचे गुरू एरिक बर्न यांनी तर या ‘पण’ला सरळ खेळच म्हटलंय. उपाय सापडला तर खेळ संपेल, म्हणून तो सापडू द्यायचा नसतो. शिवाय कार्पमनच्या त्रिकोणात खुर्च्या बदलत राहतात. आजचा सोडवणारा उद्याचा छळणारा. हे कलम मी जरा उशिराच वाचलं.

चोराच्या उलट्या बोंबा मराठीला नव्या नाहीत. १९९७ साली जेनिफर फ्रेड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचा क्रम लावून दिला : आधी साफ नाकारायचं, मग तक्रार करणाऱ्यावरच तुटून पडायचं, शेवटी पीडित आपण आणि गुन्हेगार तो अशी अदलाबदल करायची. पण फ्रेड यांच्यासमोर लैंगिक अत्याचाराचे आरोप झालेली माणसं होती, सभेतले खजिनदार नव्हते. म्हणून एक गोष्ट हसू बाजूला ठेवून सांगतो. वारंवार रडणारा माणूस खोटाच असतो, असं मुळीच नाही. काहींना खरंच जागोजागी छळणारी माणसं भेटतात, आणि ‘तुझंच काहीतरी चुकलं असेल’ हे वाक्य त्यांच्या वाट्याला आधीच भरपूर आलेलं असतं. म्हणून एका भांडणावरून मी कुणाचं काही ठरवत नाही. अश्रू मोजत नाही. फक्त हळूच विचारतो, “त्याच्याआधी काय झालं होतं?” खरोखर पोळलेला माणूस थांबतो, आठवून सांगतो, पुष्कळदा नको इतका दोष स्वतःकडे घेतो. सोशिकराव या प्रश्नावर गप्प होतात. मग म्हणतात, “म्हणजे तुम्हीसुद्धा?”

बिल एडी या अमेरिकन वकिलांचा सल्ला आहे की अशा माणसांना उत्तर थोडक्यात द्यावं, कामापुरती माहिती द्यावी, सूर स्नेहाचा ठेवावा आणि आपल्या म्हणण्यावर ठाम राहावं. मी तसंच केलं. “ऐकून वाईट वाटलं. पण या वादात मी पडणार नाही. तुमची पुस्तकं उद्या आणून देतो.” यातून भांडण काढणं कुणालाही जमणार नाही, अशी माझी समजूत होती.

परवा त्या चौघांपैकी एकाचा फोन आला.

“अहो, तुम्ही सोशिकरावांची पुस्तकं त्यांच्या तोंडावर फेकलीत म्हणे!”

“छे हो! त्याच्याआधी काय झालं, ते—”

“आधीचं राहू द्या,” तो खुर्ची सरकवून नीट बसल्याचा आवाज आला. “फेकलीत कशी, ते सांगा.”