म्हणे, ‘चालवा, हवा आपोआप निघेल’!

ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगचं काम करून आणलेली गाडी पहिल्याच वळणावर रेड्यासारखी रेकत असेल, तर त्याला काम झालं म्हणायचं का? ‘गाडी तयार आहे साहेब, घेऊन जा’ असा फोन येतो. आपण पैसे मोजतो, किल्ली घेतो, आणि नाशिकच्या मुंबई नाक्याला पोचेपर्यंत बॉनेटखालून घूंऽऽऽ सुरू. उजवीकडे काटलं तरी घूं, डावीकडे काटलं तरी घूं. वर हातातलं चाक मध्येच जड, मध्येच हलकं. परत नेली तर मिस्त्री बॉनेटसुद्धा न उघडता सांगतो, “ऑइलमध्ये एअर धरलंय थोडं. चालवा चार दिवस, आपोआप निघेल.”

आपोआप! मग रॅकचं, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या भागाचं, किट तरी कशाला टाकलंस बाबा? तेही बसलं असतं की आपोआप!

बिल बघा. रॅक किट, ऑइल, मजुरी, आणि खाली ‘क्लिपा वगैरे’. ह्या ‘वगैरे’चे पैसेसुद्धा लावले आहेत. एअर काढायची ओळ मात्र बिलात नाही, म्हणून ते काम कामातही नाही. जो पार्ट डब्यातून निघतो, ज्यावर मार्जिन मिळतं, तेवढाच ह्यांच्या लेखी खरा. अर्धा-पाऊण तास चाक शांतपणे इकडून तिकडे फिरवत बसायचं, ऑइलच्या डब्यात नजर ठेवायची, ह्यात विकण्यासारखं काही नाही ना! मग ते गिऱ्हाइकाने रस्त्यावर, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात करायचं.

बरं, ही काही बारीकसारीक गोष्ट नाही. रॅक खोलला म्हणजे त्यातलं ऑइल सांडलं, पाइप रिकामे झाले. रिकामे म्हणजे आत हवा भरली. वरचा डबा काठोकाठ भरला म्हणून आतली सगळी वाट भरत नाही. ह्या स्टिअरिंगचा खेळच मुळी ऑइल दाबलं जात नाही ह्यावर चालतो, आणि हवा मात्र दाबली जाते. टायरमध्ये आपण 2.3 बारच्या आसपास हवा भरतो, तर स्टिअरिंगचं ऑइल ढकलणारा पंप जोर लागला की 80-100 बारपर्यंत दाब काढतो. तेवढ्या दाबाखाली ऑइलमध्ये बुडबुडे असतील तर चाक गचके देणार नाही तर काय करणार?

आणि काढायची पद्धत काय अवघड आहे? पुढची दोन्ही चाकं जॅकने उचला, खाली घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा. इंजिन बंद. पुन्हा सांगतो, इंजिन बंद! डबा भरा आणि हातातलं चाक सावकाश ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, पंधरा-वीस वेळा. बुडबुडे वर येतील, पातळी उतरेल, तसं ऑइल टाकत राहा. डबा रिकामा होऊ दिलात तर पंप नव्याने हवा ओढणार आणि सगळं पहिल्यापासून. बुडबुडे थांबले की मग स्टार्टर मारा आणि तेच परत करा, फक्त टोकाला नेऊन चाक दाबून धरू नका. तिथे दाब सगळ्यात जास्त असतो, पाच सेकंदांवर धरलंत तर ऑइल तापतं आणि पंप कण्हायला लागतो. फेस दिसला तर इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा. चहा प्या. बास! ह्याला ना स्कॅनर लागतो ना महागडं मशीन.

आमच्या पठ्ठ्याने काय केलं? डबा भरला, लगेच स्टार्टर मारला, गाडी जमिनीवरच ठेवून चाक दोनदा गरागरा फिरवलं, आणि वर फेस आला तसं झाकण लावून टाकलं. मी समोर उभा होतो. इंजिन आधी चालू केलं की पंप हवा आणि ऑइल एकत्र घुसळतो, बुडबुडे इतके बारीक होतात की वर यायचं नाव घेत नाहीत. लालभडक ऑइल गुलाबी दिसायला लागलं. हे त्याला म्हटलं तर उत्तर काय, “साहेब, रंग तसाच असतो.”

तपासायची रीतही फुकट आहे. इंजिन चालू असताना डब्यात ऑइल कुठपर्यंत आहे ते बघा, बंद करा, परत बघा. आत अडकलेली हवा दाब गेला की फुगते आणि ऑइल वर ढकलते. पाच मिलिमीटरच्या वर पातळी चढली तर हवा आहे, विषय संपला. मोबाइलचा टॉर्च पुरतो. पण बघायचं कोणी? हेल्परला दुसऱ्या गाडीचा क्लच उतरवायला पाठवलेला.

शिवाय ‘आपोआप’चं अजून एक गौडबंगाल आहे. डब्यातून पंपाकडे जाणारा जो ओढीचा पाइप असतो, त्याची क्लिप सैल राहिली किंवा तिथली रबरी रिंग जुनीच ठेवली, तर बाहेर थेंबभरही ऑइल न गळता आत हवा शोषली जाते. खाली पुठ्ठा टाकून बघा, कोरडा ठणठणीत. अशा गाडीला चार दिवस काय, चार वर्षं चालवा, हवा निघणारच नाही. जेवढी निघेल तेवढी नवी येईल. हे तपासल्याशिवाय ‘चालवा’ म्हणणारा माणूस नक्की कशाच्या जोरावर म्हणतो?

पुढचा सल्ला ऐका. रविवारी सप्तशृंगी गडावर जायचं होतं, देवीला, आईला घेऊन. म्हणून जरा घाईने विचारलं, गाडी नेऊ का? तर हा महाशय म्हणतो, “उलट न्याच! नांदुरीपासून वर घाट आहे, वळणं भरपूर, सगळं एअर निघून जाईल.” म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मागे बसलेली आई जप करतेय, आणि मी ह्याचं राहिलेलं काम वळणावळणावर पूर्ण करतोय! मी एसटीने गेलो.

राग ह्याचाही येतो की हे नाशिकमध्ये होतं. इथे सातपूरला बोलेरो, स्कॉर्पिओ तयार झाल्या. मायको कंपनीत डिझेल इंजिनांची नोझलं बनायची, ज्यांचं माप मायक्रॉनमध्ये मोजतात. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही शेडमध्ये शिरा, लेथवर बसलेला पोरगा तुम्हाला मिलिमीटरचा शंभरावा भाग समजावून सांगेल. आणि त्याच गावात ऑइलमधली हवा काढायला माणूस मिळत नाही? नव्या पोरांचं एक समजू शकतो. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना इलेक्ट्रिक स्टिअरिंग, त्यात ऑइलच नाही, तर शिकणार कुठून. पण मग सांगा ना सरळ, ‘हे आम्हाला जमत नाही’. द्वारका चौकाकडचे जुने मिस्त्री तोंडाने फटकळ असतील, पण आधी जॅक लावायचे, मग बोलायचे.

आता कळस. काल परत गेलो, आवाज वाढलाय म्हणून. तेव्हा कुठे बॉनेट उघडलं आणि निदान काय, “साहेब, पंप गेला वाटतं. बदलावा लागेल.” अरे! हवेवर फिरणारा पंप घासणारच, आतल्या पात्यांना ऑइल मिळत नाही तर ती टिकणार कशी! हवा तुम्ही ठेवली, चालवा तुम्ही म्हणालात, आणि पंपाचे पैसे मी द्यायचे? वर मेव्हणे फोनवर, “दाजी, विकून टाका ती गाडी.” विकतो! आधी हिच्यातली हवा कोणीतरी काढा!

पंप बदलायला मी नाही म्हटलंय. गाडी उचलून आणली, म्हणजे रेकत रेकत चालवतच आणली. शेजाऱ्यांकडून दोन घोड्या मागून ठेवल्यात, ऑइल कोणतं लिहिलंय ते मॅन्युअलमध्ये बघून तेच आणलंय, कारण ह्याच गल्लीत एकाने ब्रेक ऑइल ओतून सगळी सीलं फुगवून घेतली आहेत. उद्या सकाळी पार्किंगमध्ये मी स्वतः चाक फिरवत बसणार. सोसायटीचे सेक्रेटरी ‘फरशीवर डाग पडेल’ म्हणून आले तर त्यांनाही डब्यात बघायला बसवतो. आणि त्यानंतरही पंप ओरडलाच, तर ते बिल घेऊन मी गॅरेजच्या दारात उभा राहीन, भर गर्दीच्या वेळेला, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, आणि विचारीन की ह्यातली ‘वगैरे’ म्हणजे नेमकी कुठली क्लिप, दाखव.