पाण्याचा वाटा राहून गेला
पेशीपटलातली, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणातली, वीज म्हणजे सोडियम-पोटॅशियम आयनांचा (विद्युतभारित कणांचा) खेळ, एवढंच तुमच्या लेखात आलंय. बरोबर आहे, पण अर्धंच. मी कोल्हापुरात बारावीला जीवशास्त्र शिकवते. मिसळीच्या वाटीत कट वर तरंगतो ना, तिथूनच सुरुवात करते. पटलाचा गाभा तसाच तेलकट, जेमतेम ३ नॅनोमीटर जाड. खरी गंमत त्याच्या काठावर आहे! पटल ज्या मेदरेणूंचं बनतं त्या लिपिडचे कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनच्या जोड्या) आणि त्यांना बिलगून एका दिशेला वळलेले पाण्याचे रेणू, यांच्यामुळे गाभा बाहेरच्या पाण्यापेक्षा काहीशे मिलिव्होल्टने धन असतो. म्हणूनच जवळपास सारख्या आकाराच्या दोन तेलात विरघळणाऱ्या आयनांपैकी ऋण आयन धन आयनापेक्षा हजारो पटींनी लवकर पार होतो. मुलांना हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो. यावर सविस्तर लिहाच.