मायक्रोसॉफ्टची दुकानं नक्कल केली म्हणून बंद पडली नाहीत

ॲपलचं नवं दालन कुठे उघडलं, की एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच. ॲपलने दुकानांची कल्पना शोधून काढली आणि ती तुफान चालली. मायक्रोसॉफ्टला ते बघवेना, म्हणून त्यांनी डिट्टो तशीच दुकानं थाटली. तिथे काळं कुत्रंही फिरकलं नाही. मग करोना आला, सगळ्या दुकानांना टाळं लागलं आणि कंपनीला अब्जावधी डॉलरचा फटका बसला. तात्पर्य, नक्कल करणारा बुडतो. आणि ऑनलाइनच्या जमान्यात दुकान काढायचंच कशाला? खाली बहुतेक वेळा एक जोडफोटो असतो: इकडे गजबजलेलं ॲपल स्टोअर, तिकडे ओस पडलेलं मायक्रोसॉफ्टचं दुकान.

दुकानं बंद झाली हे खरं. २६ जून २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने आपली ८३ दुकानं विक्रीसाठी पुन्हा उघडणार नसल्याचं जाहीर केलं. यातली बहुतेक अमेरिकेत होती, बाकीची कॅनडा, पोर्तो रिको, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये. पण मेसेजमधली बाकीची वाक्यं एकेक करून बघितली, तर फार थोडी टिकतात.

‘दुकानांची कल्पना ॲपलची’

ॲपलची पहिली दोन दुकानं १९ मे २००१ रोजी उघडली, एक व्हर्जिनियातल्या टायसन्स कॉर्नरला आणि दुसरं कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलला. त्याच्या आधीपासून गेटवे ही संगणक कंपनी अमेरिकेत स्वतःची दुकानं चालवत होती. गाईच्या अंगावरच्या ठिपक्यांसारखी नक्षी असलेल्या खोक्यांतून संगणक पाठवणारी ती हीच. २००४ मध्ये तिने उरलेली १८८ दुकानं एका फटक्यात बंद केली. एवढंच काय, खुद्द मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मेट्रिऑन मॉलमध्ये दुकान काढलं होतं आणि २००१ मध्ये ते गुंडाळलं होतं. म्हणजे ॲपलने पहिलं शटर वर केलं त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपलं खाली ओढलं. मेसेज लिहिणाऱ्याला हे बहुधा ठाऊकच नसावं.

आणि ॲपलने तरी सगळं आकाशातून आणलं होतं का? दुकानांचा कारभार पाहायला रॉन जॉन्सन यांना टार्गेट या साखळी दुकानांच्या कंपनीतून आणलं. गॅप या कपड्यांच्या ब्रँडचे प्रमुख मिकी ड्रेक्सलर १९९९ पासून ॲपलच्या संचालक मंडळावर होते. ज्या जीनियस बारचं, म्हणजे ॲपलच्या दुकानातल्या मदतीच्या काउंटरचं, इतकं कौतुक होतं, त्याची कल्पना चांगल्या हॉटेलांतल्या पाहुण्यांची विचारपूस करणाऱ्या काउंटरवरून सुचली. थोडं इथून, थोडं तिथून उचललं आणि छान बसवलं. उचलेगिरीने दुकान बुडत असतं, तर ॲपलचं आधी बुडालं असतं. अमेरिकेतल्या काही जाणकारांनी २००१ मध्ये तशी भविष्यवाणी केलीही होती. दोन वर्षांत दिवे मालवतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

‘डिट्टो तशीच दुकानं’

दिसायला तशी होती, यात वाद नाही. लांब लाकडी टेबलं, भरपूर उजेड, रंगीत टी-शर्ट घातलेली पोरं, मागच्या बाजूला मदतीचं काउंटर. वेगळेपण म्हणावं तर भिंतभर पसरलेले स्क्रीन. लपवाछपवीही नव्हती. जुलै २००९ मध्ये कंपनीचा रोजचा कारभार पाहणारे तेव्हाचे सीओओ केव्हिन टर्नर यांनी जाहीर सभेत सांगितलं होतं, की आमची दुकानं ॲपलच्या दुकानांच्या अगदी शेजारी उघडणार आहेत. टर्नर हे मूळचे वॉलमार्टचे. दुकानांची सूत्रं ज्यांच्या हाती दिली ते डेव्हिड पोर्टरही वॉलमार्टमध्ये मुरलेले. गल्ल्यावरची माणसं होती ती, त्यांना शेजाऱ्याची मांडणी उचलण्यात कमीपणा वाटायचं कारण नव्हतं.

पण मांडणी सारखी म्हणून हेतूही सारखा होता, असं होत नाही. २००९ सालची परिस्थिती आठवा. व्हिस्टा या विंडोजच्या आवृत्तीने कंपनीची पार शोभा केली होती. ॲपलच्या जाहिराती टीव्हीवर पीसीची रोज टिंगल करत होत्या. त्यातच अमेरिकेतली दुसऱ्या क्रमांकाची इलेक्ट्रॉनिक्स साखळी सर्किट सिटी मार्च २००९ मध्ये कायमची बंद झाली. पीसी मांडायच्या फळ्याच कमी व्हायला लागल्या, आणि ज्या उरल्या तिथला विक्रेता तीन ब्रँडचे लॅपटॉप दाखवून किमतीपुरतं बोलायचा.

नवा विंडोज लॅपटॉप घरी आणल्यावर काय व्हायचं, हे आपल्याकडेही सगळ्यांनी पाहिलंय. पहिल्यांदा चालू केला की महिन्याभराचा ट्रायल अँटिव्हायरस डोकं वर काढायचा, ब्राउझरला कुणाचा तरी टूलबार चिकटलेला, डेस्कटॉपवर कधीही न खेळायच्या गेमचे आयकॉन. हा कचरा मायक्रोसॉफ्टने भरलेला नसायचा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना त्याचे पैसे मिळायचे. शिव्या मात्र विंडोजला. मायक्रोसॉफ्टच्या दुकानात याच कंपन्यांचे लॅपटॉप हा सगळा गाळ काढून मिळायचे, सिग्नेचर पीसी या नावाने. मदतीच्या काउंटरवर, म्हणजे ॲन्सर डेस्कवर, कुठल्याही कंपनीचा पीसी घेऊन गेलं तरी चालायचं. ॲपलच्या जीनियस बारवर डेलचा लॅपटॉप नेऊन बघा!

पहिलं दुकान २२ ऑक्टोबर २००९ रोजी ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला उघडलं. त्याच दिवशी विंडोज ७ बाजारात आलं. तारीख बघितली तरी पुरे. व्हिस्टाची बदनामी धुऊन काढायची आणि विंडोज नीट चालवून दाखवायचं, ही त्या दुकानांची पहिली कामगिरी होती.

नक्कल करून तरलेल्यांची उदाहरणं हवीत? चीनच्या शाओमीने ॲपलची छाप असलेली दुकानं काढली आणि २०२१ मध्ये तिकडे दहा हजारांचा टप्पा गाठला. टेस्लाने तर मॉलमधल्या शोरूम उभारायला जॉर्ज ब्लँकेनशिप हाच माणूस घेतला, ज्याने आधी ॲपलसाठी दुकानांच्या जागा हेरल्या होत्या. त्या दोघांना नक्कल बाधली नाही.

‘काळं कुत्रंही फिरकलं नाही’

ॲपलइतकी गर्दी तिथे नव्हती, हे मान्यच. पण जोडफोटो म्हणजे एका क्षणाचा पुरावा, आणि तो क्षण कोणी निवडलाय हेही बघावं लागतं. मला या दाव्यात रस आहे तो दुसऱ्या कारणासाठी. गर्दी का नव्हती, या प्रश्नापाशीच सगळं प्रकरण येऊन थांबतं.

ॲपलच्या दुकानात जे मिळतं ते ॲपलच बनवतं. पीसीच्या जगात असं नव्हतं. विंडोज मायक्रोसॉफ्टचं, यंत्र डेल, एचपी किंवा एसरचं, विक्री बेस्ट बायसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळी दुकानांची. ज्याचा मसाला गावातल्या प्रत्येक खानावळीत जातो त्याने स्वतःची खानावळ काढावी, तसं हे झालं. जेवण कितीही चांगलं केलं, तरी गिऱ्हाईक म्हणणार की हेच कोपऱ्यावर मिळतंय. आणि जोरात चालवावी, तर मसाला घेणारेच नाराज.

ते नाराज झालेच. जून २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस हा स्वतःचा टॅबलेट आणला, तेव्हा एसरचे प्रमुख जे. टी. वांग यांनी उघडपणे सुनावलं, की याचा पुन्हा विचार करा. सुरुवातीला सरफेस फक्त मायक्रोसॉफ्टच्या दुकानांत आणि त्यांच्या साइटवर मिळत होता. दुकानाला अखेर स्वतःचा माल मिळाला खरा, पण सरफेस आरटी हे त्याचं पहिलं मॉडेल पडून राहिलं. जुलै २०१३ मध्ये कंपनीला त्यापोटी ९० कोटी डॉलर खात्यातून उडवावे लागले. त्याच उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टने बेस्ट बायशी करार केला आणि त्यांच्या अमेरिकेतल्या ५०० व कॅनडातल्या शंभराहून जास्त दुकानांत विंडोजचे वेगळे विभाग उभे केले. स्वतःच्या दुकानांच्या कितीतरी पट जागा परक्याच्या छपराखाली. ज्याला नक्कल करून ॲपलच व्हायचंय, तो असं करत नाही.

फोनचंही तेच. मार्च २०१२ मध्ये दुकानांत एक पैज चालू होती: तुमचा फोन आमच्या विंडोज फोनपेक्षा वेगाने काम करून दाखवा आणि हजार डॉलरचा लॅपटॉप घेऊन जा. कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा इथल्या दुकानात एकाने अँड्रॉइड फोन पुढे केला. काम होतं दोन शहरांचं हवामान दाखवण्याचं. त्याने स्क्रीन लॉक आधीच काढून ठेवलं होतं आणि हवामान दाखवणाऱ्या दोन चौकटी, म्हणजे विजेट, होम स्क्रीनवरच होत्या. बटण दाबलं, उत्तर समोर. तरी कर्मचाऱ्यांनी त्याला हरलेलं ठरवलं. कारण दिलं, की शहरं वेगवेगळ्या राज्यांतली हवी होती. गोष्ट इंटरनेटवर पेटली आणि कंपनीला माफी मागून लॅपटॉप तर द्यावा लागलाच, वर एक फोनही. पोरांना दोष कशाला द्यायचा? फोन आपल्या गुणांवर उचलला जात नव्हता, म्हणून पैजा लावायची वेळ आली. दुकान कितीही देखणं असलं, तरी रांग लागते ती मालासाठी. आयफोनसाठी लागायची तशी रांग लावणारी वस्तू मायक्रोसॉफ्टकडे नव्हती. एक्सबॉक्स होता, पण तो तर कुठेही मिळत होता.

‘करोनाने मारलं’

तारखेपुरतं बरोबर. मार्च २०२० मध्ये सगळ्यांनीच दुकानं बंद केली. ॲपलने पुढे उघडली, मायक्रोसॉफ्टने नाही. आजार दोघांना एकच झाला असेल, तर वेगळं काय होतं ते आधीच्या वर्षांत शोधावं लागेल.

फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्या नाडेला सीईओ झाले. पुढच्याच महिन्यात त्यांनी आयपॅडसाठी ऑफिस आणलं. सप्टेंबर २०१५ मध्ये आयपॅड प्रो जाहीर झाला, तेव्हा ॲपलच्या मंचावर मायक्रोसॉफ्टचा माणूस वर्ड आणि एक्सेल दाखवत उभा होता. ज्याच्या शेजारी दुकान थाटायची शपथ घेतली होती, त्याच्याच घरात आता आपला माल विकला जात होता. गंमत म्हणजे न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरचं पाच मजली भव्य दुकान याच्या पुढच्या महिन्यात उघडलं, २६ ऑक्टोबर २०१५ रोजी. ॲपलचा काचेचा घन तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. ज्या भांडणासाठी एवढी इमारत सजवली, ते भांडण तोवर निवळत आलं होतं.

जून २०२० ला संपलेल्या वर्षात कंपन्यांना विकलेल्या क्लाउड सेवांतून मायक्रोसॉफ्टला ५,००० कोटी डॉलरहून जास्त मिळाले. हा गिऱ्हाईक मॉलमध्ये येत नाही. असं असताना लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसला जुलै २०१९ मध्ये नवं दुकान उघडलं होतं; म्हणजे बंद करायचं कधीचंच ठरलेलं होतं, असंही म्हणता येणार नाही. माझं मत एवढंच, की दुकानांवाचून अडत नाही हे दोन-तीन महिने शटर खाली राहिल्यावर लख्ख दिसलं.

‘अब्जावधींचा फटका’

आकडा ४५ कोटी डॉलरचा होता, अर्धा अब्जही नाही. त्या आर्थिक वर्षात कंपनीचा निव्वळ नफा ४,४०० कोटी डॉलरच्या वर होता. तुलनाच करायची तर मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेल्या नोकियाच्या फोन व्यवसायाशी करा: २०१५ मध्ये त्यापोटी ७६० कोटी डॉलर पाण्यात गेले. त्याच्यावर असे मेसेज फिरत नाहीत, कारण त्याला जोडफोटो नाही.

‘ऑनलाइनच्या जमान्यात दुकान कशाला?’

मायक्रोसॉफ्टने दुकानं सोडल्याला वर्षही झालं नव्हतं, तोच जून २०२१ मध्ये गूगलने न्यूयॉर्कच्या चेल्सी भागात आपलं पहिलं कायमचं दुकान उघडलं. ॲमेझॉनने मात्र २०२२ मध्ये पुस्तकांची आणि ‘फोर स्टार’ दुकानं (गिऱ्हाइकांनी चार किंवा जास्त तारे दिलेल्या वस्तूंची) बंद करून टाकली. दोन्ही दिशांना उदाहरणं सापडतात. खुद्द ॲपलची स्वतःची दुकानं, साइट आणि थेट विक्री सगळं मिळून २०२३ आणि २०२४ या आर्थिक वर्षांत एकूण विक्रीच्या ३७-३८ टक्क्यांच्या आसपासच भरलं. बाकीचा माल दुसऱ्यांच्या काउंटरवरून जातो.

भारताबद्दल बोलताना तर हा दावा उलटाच पडतो. ॲपलचं इथलं पहिलं दालन एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या बीकेसीत उघडलं. एवढा उशीर झाला तो दुकानांचा काळ संपला म्हणून नव्हे. एकाच ब्रँडची दुकानं काढणाऱ्या परदेशी कंपन्यांना ३० टक्के खरेदी भारतातून करण्याची अट होती. ऑगस्ट २०१९ मध्ये ती बरीच सैल झाली आणि आधी दुकान, मगच ऑनलाइन विक्री, हे बंधनही सुटलं. सप्टेंबर २०२० मध्ये ॲपलने इथे ऑनलाइन विक्री सुरू केली. मेसेजच्या तर्काने गोष्ट इथे संपायला हवी होती. ऑनलाइन विक्री जोरात चालू असताना कंपनीने आधी बीकेसी, मग दिल्लीत साकेत आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरू व पुण्याचं कोरेगाव पार्क गाठलं. आणि तरीही महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांत आयफोन घ्यायचा, तर गावातल्या मोबाइलवाल्याकडेच जावं लागतं. तो चार कंपन्यांचे फोन एकाच काचेखाली मांडतो, जुना फोन बदल्यात घेतो, हप्ते बांधून देतो आणि स्क्रीनगार्ड स्वतःच्या हाताने लावून देतो.